रंगावरचे तडे

९ सप्टेंबर २०१९, सोमवार

चाळीस वर्षं वह्या भरल्या, पण सगळ्या आकड्यांच्या. तारीख, तापमान, पाण्याची पातळी, गेजचं वाचन. ही वही वेगळी, बाजारातून आणली, वर सफरचंदाचं चित्र आहे. हिच्यात आकडे लिहायचे नाहीत असं ठरवलंय. बघू किती दिवस जमतं.

आज तालायबेकनं बोलावलं. आमच्या वीजकेंद्राचा नवा संचालक, वय अडतीस, एकेकाळी माझ्याच हाताखाली ताण मोजायचे गेज चिकटवायला शिकला. आता मोठ्या टेबलामागून म्हणतो, "बसा ना, अनारकान एजे." आधी एजे म्हणायचं, ताई म्हणून मान द्यायचा, आणि मग कामाला जुंपायचं. मी बासष्ट वर्षांची आहे, डिसेंबरात घरी बसणार, पण जुंपलं गेलेच.

काम असं. दरडीखालून टर्बाइनला पाणी नेणाऱ्या दोन नंबरच्या पाइपला पोटाखाली ताण वाढलाय. डोंगर दर वर्षी बोटभर सरकतो आणि पाइपला पिळतो. हिवाळ्याआधी पोलादी पट्ट्या वेल्ड करून तो बांधून घ्यायचा, नाही तर वरच्या चार गावांना वीज नाही. तिथं उणे तीसमध्ये लोक काय खातील आणि कसं झोपतील, हे मला कुणी सांगायला नको. माझी मावशी तिथलीच.

"नवा हिशोब कशाला मांडता?" तालायबेक म्हणाला. "एक नंबरचा चौऱ्याऐंशीचा तुमचाच आहे, पाइप दोन्ही सारखेच. चौकशी समितीनं तपासून बरोबर ठरवलेला. मापं नवी घ्या, जुळली की जुन्या ड्रॉइंगवर सही करा. झालं."

त्यानं फाइल पुढं सरकवली. मी पस्तीस वर्षांनी तिला हात लावला. वेल्डिंग कोण करणार, विचारलं. तो म्हणाला, "केंगेश. दुसरा आहे कोण?"

केंगेश म्हणजे झापारचा मुलगा.

११ सप्टेंबर, बुधवार

काल लिहायला बसले आणि पेन बाजूला ठेवून उठले. आज लिहिते.

ऑक्टोबर १९८४. एक नंबरच्या पाइपला असंच झालं होतं. मी सत्तावीस वर्षांची, राजधानीतून, तेव्हाच्या फ्रुंझेहून, पदवी घेऊन आलेली, नाकापेक्षा मोती जड. मापं मी घेतली, हिशोब मी केला, ड्रॉइंग आमचे मुख्य अभियंता आर्काडी पेत्रोविच यांनी काढलं, पट्ट्या झापारनं वेल्ड केल्या. मग पाणी सोडलं. आमच्या केंद्रात एक रीत आहे, कुठल्या नियमात लिहिलेली नाही: पाइप पहिल्यांदा भरताना ज्यानं जोड केला त्यानं आपल्या जोडाशेजारी उभं राहायचं. झापार उभा होता. पाइप पोटाखाली फाटला. त्याला आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी नदीतून काढलं.

समितीनं लिहिलं: हिशोब बरोबर, वेल्डिंग सदोष.

आज पूर्ण हिशोब पुन्हा केला. जुन्या फाइलमधली तीन गेजची वाचनं घेतली, ताणाचं वर्तुळ काढलं, मुख्य ताणाची दिशा काढली. पाइपच्या रेषेशी छप्पन्न अंश. तेव्हाही छप्पन्न. एकाही दशांशाची चूक नाही. मी तो हिशोब आजवर मनातल्या मनात किती वेळा तपासला असेल, मोजदाद नाही. दर वेळी बरोबर येतो. ड्रॉइंग आर्काडी पेत्रोविच यांचं होतं. ते बिचारे नव्वद सालीच गेले, आता त्यांना काय विचारणार?

(आकडे लिहिले. दोन दिवस टिकलं.)

१६ सप्टेंबर, सोमवार

पाइपच्या पोटाखाली गेले. पाइप आणि काँक्रीटमध्ये हात-दीड हात जागा. पाठीवर झोपून सरकत जायचं, तोंडावर गंज पडतो. या वयात हे करणं म्हणजे लोकांना हसायला कारण. केंगेश पायाशी दिवा धरून बसला होता. "एजे, तुमचे बूट बघूनच वाटतंय, आत रणगाडा अडकलाय," म्हणाला. बापासारखाच बोलतो.

एक जागा घासून स्वच्छ केली, तीन गेज चिकटवले. एक पाइपच्या लांबीला, एक घेराला, एक मधे तिरपा. आम्ही त्याला फूल म्हणतो. तीन पाकळ्यांचं कुरूप फूल, पण एका जागी ताण कुठून कुठं ओढतोय हे त्याच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही.

झापार आला होता.

हे इथंच लिहिते, दुसरीकडं कुठं सांगायची सोय नाही. तो माझ्या डाव्या बाजूला पाठीवर पडलेला असतो, काळा चष्मा कपाळावर, वेल्डिंगच्या जळक्या कांडीचा वास. पहिल्यांदा दिसला पंच्याऐंशीच्या वसंतात. पोटाखाली गेले की असतो, भर दुपारीसुद्धा. बोलत नाही, माझ्याकडं बघत नाही. अंगठ्याच्या नखानं पाइपचा रंग खरवडत राहतो. काय शोधतो, खुदा जाणे. सुरुवातीला मी ओरडत बाहेर यायची. आता गेज चिकटवत राहते. गोंद सुकायला वीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ आम्ही दोघं तिथं पडलेले असतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

शुक्रवार म्हणून तेल तापवलं. गेलेल्यांना वास पोचतो म्हणतात, म्हणून पिठाचे बोरसोक तळायचे. माझे आईबाप आहेत, नवरा आहे. चौथं नाव मी मनात घेते.

पीठ लाटून ठेवलं होतं तेवढ्यात केंगेश दारात. "वास नदीपर्यंत आलाय. मेलेल्यांच्या आधी जिवंतांना द्या."

"आधी बूट काढ," म्हटलं. "कुणी बोलावलं तुला?"

"एजे, ते वर्तुळ मला एकदा समजावा. लोक म्हणतात, अनारकान एजे वर्तुळ काढते आणि पोलाद तिचं ऐकतं. मला इतकंच कळतं की मी पट्टी जिथं लावा म्हणाल तिथं लावतो."

तळणं थांबवलं. पोळीसारख्या लाटलेल्या पिठावर सुरीनं दोन चौकोन कोरले. एक सरळ, एक कोपऱ्यावर उभा. मग म्हटलं, "धर तिकडून, ओढ." दोघांनी ओढलं. सरळ चौकोन नुसता लांब झाला, कोपरे काटकोनातच राहिले. उभा चौकोन वेडावाकडा झाला, शंकरपाळ्यासारखा.

"ओढ एकच," म्हटलं, "पण कुठल्या कोनातून बघतोस त्याप्रमाणे इथं नुसती ओढ दिसते, तिथं कोपरे मुरडणारी कातर दिसते. आकडे बदलतात, पिठावर जे होतंय ते बदलत नाही. आपण असा एक कोन शोधतो जिथं कातर उरतच नाही, शुद्ध ओढ राहते. पट्टी त्या दिशेला लावायची. वर्तुळ इतकंच सांगतं."

त्यानं वाकड्या चौकोनाचा कोपरा बोटानं सरळ करून बघितला. "म्हणजे दिशा चुकली तर पट्टी कितीही चांगली जोडली तरी उपयोग नाही."

"नाही."

"अब्बांचा जोड तुम्ही बघितला होता का? फाटल्यावर?"

मी कढईकडं वळले. म्हणाले, "तेव्हा फार गोंधळ होता, बाळा. मला नीट आठवत नाही."

सात बोरसोक खाऊन गेला. जाताना म्हणाला, त्याचा स्वतःचा जोड तो तीन वेळा तपासतो. लोक हसतात. शाळेत मुलं त्याला 'कच्चा जोड' म्हणायची.

२१ सप्टेंबर

झोप नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

नवी वाचनं आली. पाण्याचा दाब थोडा वाढवत, कमी करत घेतली. मुख्य दिशा पंचावन्न पूर्णांक आठ. तालायबेकच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्यानं टाळी वाजवली. "जुळलं! मी म्हटलं नव्हतं? पस्तीस वर्षांपूर्वीचं गणित, एजे, तुम्हाला तर पदक द्यायला हवं."

मला वाटलं होतं हलकं वाटेल. गणित बरोबर, म्हणजे माझा हात स्वच्छ. घरी येताना जिन्यावर दोनदा मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सही केली.

ड्रॉइंग टेबलावर पसरलेलं होतं, आर्काडी पेत्रोविच यांचं, कडा पिवळ्या झालेल्या. मी अंश वाचले, पट्टीची जाडी वाचली, लांबी वाचली. तिरप्या रेषांकडं फार वेळ बघितलं नाही. डोळे दुखत होते.

तालायबेकनं तारखा सांगितल्या. चौदाला वेल्डिंग सुरू, महिनाअखेर पाणी. आणि भरताना केंगेश जोडाशेजारी उभा राहणार. मी म्हटलं, ही जुनी खुळं आता बंद करा. तो म्हणाला, "मीच म्हटलं नको. पण तो ऐकत नाही. म्हणतो, बाप उभा होता, मीही राहीन. लोकांना दिसू दे."

आज तेल तापवलं नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी दहाला केंगेश पोटाखाली गेला, ड्रॉइंगप्रमाणे पट्ट्यांच्या जागा खडूनं आखायला. मी बाहेर स्टुलावर चहा घेऊन बसले होते. आतून आवाज आला, "एजे, जरा ऐका. इथं रंगाला बारीक तडे गेलेत, केसासारखे. सगळे एका बाजूला तिरपे. मी आखलेल्या रेषा त्यांना आडव्या जायला हव्या ना? या तर जवळजवळ त्यांच्याच अंगानं चालल्यात. रंग वेगळंच सांगतोय."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तू वेल्डर आहेस, वेल्डिंग कर. गणित माझं आहे."

माझाच आवाज, पण सत्तावीस वर्षांचा. कप हातातून पडला. केंगेश सरकत बाहेर आला, तोंडभर गंज, म्हणाला, "काय झालं, एजे? बसा, बसा." मी कसला तरी बहाणा केला. आज वेल्डिंग करू नकोस, कांड्या ओल्या आहेत, उद्या बघू, असं काहीतरी बोलले. कांड्या कोरड्या खणखणीत होत्या, त्याला माहीत होतं. त्यानं खडू खिशात टाकला.

आता खरं लिहायचं. या वहीत नाही तर मग कुठं?

चौऱ्याऐंशीला, वेल्डिंगच्या आदल्या दुपारी, झापार एक नंबरच्या पाइपखाली असाच पाठीवर पडला होता आणि मी त्याच्या शेजारी. तपासणीच्या जादा गेजचा गोंद सुकत होता. तो अंगठ्याच्या नखानं रंग खरवडत म्हणाला, "अनारकान, हे बघ, रंगाला तडे गेलेत. ड्रॉइंगमधल्या पट्ट्या त्यांच्याच रेषेत येतात. आडव्या हव्यात ना? रंग वेगळंच सांगतोय." त्यानं ते चांगल्या शब्दांत, हसत विचारलं. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा माणूस. आणि मी त्याला म्हटलं, जे आज त्याच्या मुलाला म्हटलं. शब्दनशब्द तेच.

तो म्हणाला, "बरं बाई, तू शिकलेली." आणि चष्मा डोळ्यांवर ओढला.

मी आजवर स्वतःला सांगत आले की तो त्या दिवशी चहाबद्दल काहीतरी बोलला होता.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी जुनी वही काढली. मापांची वही, माझ्या अक्षरातली. आमच्याकडं सगळी ड्रॉइंगं वरून बघितल्यासारखी काढतात, जणू पाइप काचेचा आहे आणि तुम्ही त्यातून आरपार खाली बघताय. म्हणून पोटाखालचं काही टिपलं की समासात 'खालून' लिहायचं, म्हणजे ड्रॉइंग करणारा ते उलटून घेतो. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मीसुद्धा पुढं पन्नास जणांना शिकवलं, तालायबेकलाही, आणि विसरला तर कान पिळला.

१२ ऑक्टोबर १९८४ चं पान. फुलाचं रेखाटन, तिरपी रेषा, तीन वाचनं, हवामान. समास कोरा.

तरी मन मानेना. खिडकीच्या काचेवर साबणानं तिरपी रेघ ओढली आणि बाहेर अंगणात जाऊन बघितली. उलट्या बाजूला झुकलेली. मी तिथं थंडीत डोक्यावर रुमाल नसताना उभी, शेजारीण म्हणाली, "एजे, काच पुसताय की दुसरं काही?" मी म्हटलं, पुसते.

आर्काडी पेत्रोविच यांनी मी दिलं तसंच काढलं. मुख्य दिशा छप्पन्न अंश, गणित बरोबर, वर्तुळ बरोबर, फक्त डाव्याच्या जागी उजवं. पट्ट्या ओढीच्या दिशेनं जाण्याऐवजी तड्यांच्या बाजूनं चालल्या, जोडाच्या उष्णतेनं पत्रा तिथंच कमकुवत केला आणि पाणी आलं तेव्हा तो तिथूनच फाटला.

आणखी एक. जोड फाटला नव्हता. फाटलेला पत्रा बाहेर काढला तेव्हा मी जवळून बघितला होता. पत्रा जोडाच्या शेजारून फाटला, झापारचा जोड अखंड होता, माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा. समितीतल्या माणसानं विचारलं, "जोड?" मी मान खाली घातली. त्यानं लिहून घेतलं.

चूक ही चूक असते, माणसाकडून होते. पण ती मान मी खाली घातली ती चूक नव्हती.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पोटाखाली चुन्याचा पातळ हात दिला, दीड मीटर पट्टा. वाळल्यावर अर्धा दाब घ्यायला लावला. चुन्याला तडे गेले, केंगेश म्हणाला होता त्याच बाजूला तिरपे. पोलादाला लाज नसते, जिकडं ओढलं जातं तिकडं ते ताणतं, आणि वरचा चुना ते दाखवून देतो. झापार डावीकडं होता. मी त्याला म्हटलं, "दिसलं मला." त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

दुपारी तालायबेककडं गेले आणि सगळं सांगितलं. चेहरा पडला त्याचा. उठून दार लावलं.

"एजे, बरं झालं वेळेवर कळलं. ड्रॉइंग बदलून टाकू. नवी मापं, नवं ड्रॉइंग, तुमची सही. जुन्याचा उल्लेख कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि झापार?"

"झापार गेला, एजे. पस्तीस वर्षं झाली. आता उकरून काय मिळणार? समितीतले निम्मे मेले. तुमचं नाव खराब होईल, केंद्राचं होईल, वरून माणसं येतील, काम थांबेल, चार गावं गारठतील. हे हवंय तुम्हाला?"

खोटं काहीच बोलत नव्हता. बाहेर पडले तेव्हा मी त्याच्याशी सहमत होते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस हेच मनात: ड्रॉइंग सरळ झालं, केंगेश वाचला, मग आणखी काय पाहिजे? म्हातारपणी कशाला अवलक्षण करून घ्यायचं? डिसेंबरात भेटवस्तू देतील, गालिचा किंवा घड्याळ, भाषणं होतील, घरी जाईन.

आज बाजारात केंगेश दिसला. कसायापाशी रांगेत होता. मागं कुणीतरी म्हातारा गमतीनं म्हणाला, "काय रे, यंदा जोड पक्का करणार ना? की बापावर गेलास?" लोक हसले. केंगेशही हसला. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, अजून हसून सोडून देतो. मी तिथूनच परत आले, मांस न घेता.

२१ ऑक्टोबर, सोमवार

लिहून दिलं. दोन पानं. एकावर नवं ड्रॉइंग आणि समासात मोठ्या अक्षरात 'खालून'. दुसऱ्यावर १९८४ चं: मापात नोंद अपुरी होती ती माझी, वेल्डर झापारनं आक्षेप घेतला होता तो मी फेटाळला, फाटल्यावर त्याचा जोड अखंड होता, हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. खाली सही, तारीख. एक प्रत राजधानीत पाठवली, म्हणजे तालायबेकला टेबलाच्या खणात टाकता येऊ नये.

तो ओरडला. "तुम्ही मला शिकवलंत आणि तुम्हीच मला बुडवायला निघालात!" मी म्हटलं, ओरड, तुझा हक्क आहे. मग तो खुर्चीत बसला आणि शांतपणे म्हणाला, वेल्डिंग थांबणार नाही, तेवढं मी बघतो. भला माणूस आहे. मी त्याला फार अडचणीत टाकलं.

केंगेशला कागद मी स्वतः दिला, पाइपपाशी. त्यानं उभ्यानं वाचला. हळू वाचतो, ओठ हलतात. शेवटी विचारलं एवढंच, "जोड फाटला नव्हता?"

"नव्हता."

"बघितला होता तुम्ही."

"हो. त्या शुक्रवारी तुला खोटं सांगितलं."

तो तिथंच जमिनीवर बसला. मला वाटलं मारेल, शिव्या देईल. मी वाट बघत होते. त्यानं कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि हातमोजे चढवले. म्हणाला, "खडूच्या रेषा पुसायला हव्यात." आणि पोटाखाली गेला.

२ नोव्हेंबर, शनिवार

आज पाइप भरला. दोन दिवस उशीर.

केंगेश जोडाशेजारी उभा राहिला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तालायबेक वरून हात करत होता, एजे, मागं व्हा. रीत आहे, जोड करणाऱ्यानं उभं राहायचं. हिशोब करणारा कधीच उभा राहिला नव्हता. चौऱ्याऐंशीला मी नियंत्रण कक्षात काचेमागं होते.

पाणी आलं की पायाखालचं काँक्रीट कापतं, ते कानांनी नाही, गुडघ्यांनी ऐकू येतं. मला भीती वाटली, लपवत नाही. केंगेशचा कोट धरला. त्यानं सोडवून घेतला नाही. पाव दाब, अर्धा, पाऊण, पूर्ण. पट्ट्यांवरचे गेज मी सांगितलं होतं तिथंच येऊन थांबले. अर्ध्या तासानं तालायबेकनं टोपी काढून हवेत फेकली. वरच्या गावांतून फोन आला, दिवे लागले.

मला वाटलं होतं, आता झापार येणार नाही. मी वाकून पोटाखाली बघितलं. होता.

३ नोव्हेंबर, रविवार

झूरा आपांकडं गेले. झापारची बायको, आता अठ्ठ्याहत्तर. एकाच गावात राहून पस्तीस वर्षांत मी त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेले नव्हते. लग्नात, मयतीत भेट व्हायची, दुरून मान हलवायची. केंगेश म्हणाला होता, कागद मी आईला वाचून दाखवलाय, तुम्ही या.

त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. मला बस म्हटलं, चहा ओतला, वाटी अर्धी भरून दिली, आमच्याकडं मानाच्या पाहुण्याला देतात तशी. मी ठरवून गेलेलं सगळं बोलले. चूक माझी, झापारनं विचारलं होतं, मी उर्मटपणे बोलले, नंतर गप्प बसले, मला माफ करा. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण रडले. त्यांनी मधे अडवलं नाही.

मग म्हणाल्या, "झालं तुझं?"

"हो, आपा."

"तो त्या संध्याकाळी घरी आला ना, जेवताना मला म्हणाला, झूरा, रंग वेगळंच सांगतोय, पण पोरगी शिकलेली आहे, तिला कळत असेल. मला सांगितलं त्यानं. पंधरा दिवसांत मेला. मग तुमचा कागद आला, शिक्का मारलेला. जोड कच्चा. आणि मी कागद खरा मानला."

मी वाटी खाली ठेवली.

"मयताच्या दिवशी बायका रडत होत्या. मी रडले नाही. मी म्हटलं, काम धड केलं नाहीस, तीन पोरं माझ्या गळ्यात टाकून गेलास. चाळिसावा दिवस केला तो लोकलाजेनं. त्याच्या नावानं एकदा तेल तापवलं नाही घरात. कबरीवर गेले तर भांडायला गेले. पोरं शाळेतून रडत आली की म्हणायची, तुमच्या बापाला विचारा. पस्तीस वर्षं, अनारकान. एकदा तरी मनात यायला हवं होतं, की तो जेवताना काय म्हणाला होता. नाही आलं. कागद होता ना."

त्यांनी माझी वाटी घेतली, गार चहा ओतून टाकला, पुन्हा गरम भरली.

"तू माफी मागायला माझ्याकडं आलीस. मी आहे, बसलेय तुझ्यासमोर. देईन किंवा नाही देणार, बघू. आता मी कुणाकडं जाऊ? तू शिकलेली आहेस, सांग."

वाटी हातात घेऊन बसून राहिले.